कॅलगरीचा उन्हाळा आणि आपली बाग : वाचकांचे प्रश्न

या वेळी बागेचेच प्रश्न एवढे आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. बहुतेक पत्रं कॅलगरी आणि आसपासची आहेत, मीही इथेच १८ वर्षं माती उकरतेय, त्यामुळे उत्तरं इथल्या हवेची आहेत, टोरांटो-व्हँकुव्हरवाल्यांनी ती जशीच्या तशी घेऊ नका.

ताई, आम्ही मागच्या वर्षी पुण्याहून आलो. मेच्या सुरुवातीला चांगलं ऊन पडलं म्हणून टोमॅटो, मिरची, भेंडी, गवार सगळं बाहेर लावलं आणि एका रात्रीत सगळं काळं पडलं. जूनमध्ये परत भेंडी टाकली तर ती सप्टेंबरपर्यंत वीतभरच राहिली. आईकडे नुसतं बी फेकलं तरी उगवायचं. इथे खरंच बाग होते का?
— एक वाचक, एअरड्री

होते हो, छान होते. पण इथला मे फसवतो. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं, १० मेला रोपं बाहेर काढली, दोन दिवसांनी सकाळी पडदा सरकवला तर वाफ्यावर बर्फ. तेव्हापासून मी एकच नियम पाळते, व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकेंड झाल्याशिवाय नाजूक रोप जमिनीत जात नाही, म्हणजे २५ मेच्या आधीचा तो सोमवार, आणि त्यानंतरही रात्रीचं तापमान बघूनच. पुढे सप्टेंबरच्या मध्यात, कधी त्याच्याही आधी, पहिलं दव गोठतं. म्हणजे हातात साडेतीन महिने, तेही नशीब बरं असेल तर.

आता भेंडीचं सांगते. कॅलगरी समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर आहे, दिवसा कितीही तापलं तरी जुलैमधली रात्र साधारण १० डिग्रीवर येते. भेंडी, गवार, दोडका, कारलं यांना रात्रीही ऊब लागते, माती गार असली की ती नुसती उभी राहतात, वाढत नाहीत. ग्रीनहाउस असेल तर करून बघा, नाहीतर त्यांच्यामागे हा एवढासा उन्हाळा घालवू नका असं मी मनापासून सांगेन. कारण ज्या भाज्या आपल्याकडे थंडीत येतात त्या इथे उन्हाळ्यात अशा येतात की बघत राहावं. मेथी, मुळा, मटार, कोथिंबीर, पालक. यांना थोडा गारठा चालतो म्हणून मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच पेरता येतात.

मेथीला वेगळं बी आणायची गरज नाही, डब्यातलीच मूठभर रात्रभर भिजवा, सकाळी ओल्या मातीवर दाट पसरा आणि वर बोटाच्या पेराइतकी माती. चार-पाच दिवसांत ते वाकलेले हिरवे देठ माती उचलून वर येतात, महिन्याभरात भाजी. उपटू नका, दोन बोटं ठेवून कात्रीने कापा, परत फुटते. धणे मात्र चपलेखाली रगडून दोन फाकी करून पेरा, आणि सगळे एकदम नाही, दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे, कारण जूनमध्ये इथे साडेसोळा तास उजेड असतो, एवढ्या लांब दिवसात कोथिंबीर आणि पालक लगेच तुऱ्यावर जातात. दुपारी सावली येते अशी जागा असेल तर ती त्यांना द्या.

टोमॅटो हवाच असेल, आणि हवाच असतो, तर लवकर येणारी जात घ्या. सब-आर्क्टिक नावाच्या जाती याच अल्बर्टातल्या बिव्हरलॉजच्या संशोधन केंद्रात तयार झाल्यात, फळं लहान पण भरवशाची. अर्ली गर्लही चालते. बी मार्चअखेरीला घरात लावा किंवा सरळ नर्सरीतून रोप आणा. बाहेर लावायच्या आधी आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून सवय करा, पहिल्या दिवशी तासभर, तेही सावलीत. आणि कुंड्या दक्षिणेकडच्या भिंतीला लावून ठेवा, दिवसभर तापलेली भिंत रात्री त्यांना ऊब देते, एवढ्याने खूप फरक पडतो.

गणपतीला घरच्या दूर्वा वाहाव्यात अशी सासूबाईंची इच्छा आहे. अंगणात लॉन आहे, त्यातल्या चालतील का?
— एक वाचक, कॅलगरी

लॉनमधलं गवत वेगळं, ते बहुतेक केंटकी ब्लूग्रास असतं, त्यात आपली दूर्वा नसते. दूर्वा इथल्या थंडीत बाहेर जगत नाही. कोणाच्या घरी कुंडीत असेल तर त्यातलं मुळासकट एक पेर आणा, पसरट कुंडीत लावा, जून ते ऑगस्ट भरपूर उन्हात बाहेर आणि थंडीत घरात खिडकीपाशी. गणपती ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये येतात, तेव्हा ती ऐन भरात असते. तुळस आणि कढीपत्त्यालाही हाच नियम, रात्री १० डिग्रीच्या खाली जायला लागल्या की आत घ्या. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

यांना या उन्हाळ्यात डेक, पर्गोला (लाकडी मांडव), दोन रेझ्ड बेड (चौकटीतले उंच वाफे) आणि शेड सगळं करायचंय. मागच्या वर्षी प्रत्येक वीकेंड लाकूड आणण्यात आणि कापण्यात गेला, मुलं आत आयपॅडवर, आणि आम्ही एकदाही बाहेर बसून जेवलो नाही. मला काय म्हणावं कळत नाही.
— एक वाचक, कॅलगरी

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आठ महिने कोट-बूट घालून काढायचे आणि जुलैही करवतीच्या आवाजात घालवायचा, हे मला पटत नाही, अगदी स्पष्ट सांगते. यांना सांगा, एका उन्हाळ्यात एकच मोठं काम. आणि ते जुलैमध्ये तर नकोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये कागदावर मापं काढा, परमिट लागतं का ते सिटीच्या साइटवर बघा (उंच डेकला लागतं), लाकडाची यादी करा. खणायचं असेल तर आठवडाभर आधी क्लिक बिफोर यू डिग या वेबसाइटवर लोकेट मागवा, ते फुकट आहे, येऊन गॅस आणि विजेच्या लाइन कुठून गेल्यात ते रंगाने, झेंड्यांनी दाखवून जातात. हे न करता फावडं लावू नका. इथे जमीन साधारण ४ फूट खोल गोठते, त्यामुळे डेकचे खांब तेवढे खाली न्यावे लागतात, नाहीतर दोन-तीन थंड्यांत जमीन फुगून ते वर उचलले जातात आणि डेक वाकडा होतो. हे ऐकल्यावर चार कामं एका उन्हाळ्यात का होत नाहीत ते त्यांच्याही लक्षात येईल.

रेझ्ड बेड तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करायचं काम आहे, हवा गार, डास नाहीत, नर्सऱ्यांत सेल. बेड भरून झाला की त्यातच लसणाच्या पाकळ्या खोचा आणि वर वाळक्या पानांचा जाड थर द्या, पुढच्या ऑगस्टपर्यंत लसूण तयार.

आणि जून-जुलैतल्या संध्याकाळी मोकळ्या ठेवा. सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, ऑफिसहून आल्यावरही चार तास उजेड असतो. डेक नसेना का, गवतावर चटई टाका, पिठलं-भाकरी बाहेर आणा, मुलांना मटाराच्या शेंगा तोडून तिथेच खाऊ द्या. माझी मुलगी आता मोठी झाली, तिला आमची शेड कधी बांधली ते आठवत नाही, पण पायजम्याच्या खिशात शेंगा भरून झोपायला जायची ते आठवतं.

गारपिटीचं काय करायचं? आमच्याकडे जून २०२० मध्ये घराची साइडिंग (भिंतींवरचं बाहेरचं आवरण) फुटली, बागेचं तर काही उरलंच नाही.
— एक वाचक, नॉर्थईस्ट कॅलगरी

१३ जूनची ती गारपीट विसरणं शक्य नाही. तेवढ्या मोठ्या गारांपुढे काहीच टिकत नाही, पण दरवर्षी पडतात त्या छोट्या गारांपासून रोपं नक्की वाचतात. वाफ्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा लवचिक पाइप कमानीसारखा खोचा, त्यावर बारीक जाळी ताणून क्लिपांनी पक्की करा, ऊन-पाणी आत जातं आणि गार वरच्या वर उडते. जाळी सैल ठेवलीत तर गारा साचून रोपावरच बसते, म्हणून ताणूनच. झोडपून निघालेलं रोप लगेच उपटू नका, फाटकी पानं काढा आणि आठवडाभर वाट बघा, जुलैच्या आधी असेल तर बहुतेक वेळा नवा फुटवा येतो.

सप्टेंबरमध्ये झाडावर हिरवे टोमॅटो राहतातच, त्यांचं काय?
— एक वाचक, ओकोटोक्स

फ्रॉस्ट वॉर्निंग आली की त्याच संध्याकाळी सगळे तोडा, टॉर्च घेऊन का होईना. ज्यांचा हिरवा थोडा फिका पडलाय ते खोक्यात एकेक कागदात गुंडाळून ठेवा, सोबत एक पिकलं केळं, दोन-तीन आठवड्यांत लाल होतात. अगदी कच्चे, कडक असतील त्यांची चटणी, फोडी तेलावर परता, मिरची, लसूण, भाजलेले तीळ आणि दाण्याचा कूट घाला, गुळाचा खडा टाका आणि जाडसर वाटा. ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, त्या रात्री भाकरीच करा.