सीडीसीवर (महाविद्यालय विकास समितीवर) शिक्षकांमधून निवडून आलेल्या नव्या मॅडमना

अभिनंदन मॅडम! शाल-श्रीफळ झालं की आधी 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याचं कलम 97 वाचून काढा. महाविद्यालय विकास समितीवर निवडून आलेले शिक्षक तीन, शिक्षकेतर कर्मचारी फक्त एक. म्हणजे मतांच्या जोरावर काही होणार नाही, कागदावर होईल. सदस्य-सचिव प्राचार्यच असतात. विषय त्यांच्याकडे लेखी द्या, पोच घ्या. ‘ऐनवेळच्या विषयां’त घातलेली मागणी चहा-बिस्किटांबरोबर संपते. वर्षाला किमान चार बैठका व्हायलाच हव्यात, पण अंदाजपत्रकाची अजिबात चुकवू नका. प्रयोगशाळेच्या पैशांना कात्री तिथेच लागते. शिक्षकेतर प्रतिनिधीशी आधी बोलून घ्या, फाइल कुठे अडकलीय ते त्यांनाच ठाऊक असतं. आणि विरोध केलात तर तो इतिवृत्तात आलाय का, बघा.