आधी प्रोलॅक्टिन, मग ऑपरेशनची तारीख

ताई, आईंच्या एमआरआयत २२ मिलिमीटरची पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असणाऱ्या हार्मोन्सच्या ग्रंथीची) गाठ निघालीय, डॉक्टर नाकातून ऑपरेशन करू म्हणतायत, आणि नाशिकलाच करावं की मुंबईला न्यावं असं तुम्ही विचारलंय. सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच झालं होतं, मिस्टरांना. म्हणून सविस्तर लिहिते.

प्रोलॅक्टिनची, म्हणजे याच ग्रंथीतून येणाऱ्या एका हार्मोनची, रक्ततपासणी झाली का? नसेल तर तारीख घेऊ नका. गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी असेल तर मोठी असूनही ती बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते. आकडा थोडासाच वाढलेला असेल तर तो दुसऱ्या कुठल्या गाठीच्या नुसत्या दाबानेही वाढतो. हा फरक एंडोक्रायनोलॉजिस्टकडूनच, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडूनच, समजून घ्या. कॉर्टिसॉल, थायरॉइड, आयजीएफ-१ या हार्मोन्सच्या तपासण्याही त्याच वेळी होऊ द्या. मात्र अचानक असह्य डोकं दुखलं, उलट्या झाल्या, दिसेनासं झालं, तर कशाचीही वाट न पाहता इमर्जन्सीत न्या. गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो.

डोळ्यांची फील्ड टेस्टही (बाजूचं किती दिसतं ती तपासणी) करून घ्या. यांना द्वारका चौकात बाजूने येणारी रिक्षा दिसायची नाही, पण डॉक्टरांसमोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. दोनदा चष्मा बदलला, वर्ष गेलं. ग्रंथीच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ तिथे दाबते आणि दोन्हीकडची बाहेरची बाजू दिसेनाशी होते.

नाकातून म्हटल्यावर पोटात गोळा येतो, मलाही आला होता. पण ग्रंथी नाकामागच्या पोकळीला लागूनच असते, त्यामुळे दुर्बिणीने तिथवर पोचता येतं, कवटी उघडावी लागत नाही. आणि या गाठी बहुतेक कॅन्सरच्या नसतात.

सर्जनना स्पष्ट विचारा: वर्षाला अशा किती केसेस करता, ईएनटी सर्जन सोबत असतात का, रात्री-बेरात्री रक्तातलं सोडियम तपासून मिळतं का (ऑपरेशननंतर ते बिघडू शकतं). समाधानकारक उत्तरं नाशिकमध्ये मिळाली तर कसारा घाट उतरायची गरज नाही, कारण पुढे फेऱ्या खूप होतात. महात्मा फुले योजनेत बसतं का, तेही हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

खरं जपायचं असतं ते ऑपरेशननंतर. मी वहीत दोन रकाने केले होते, प्यायलेलं पाणी आणि झालेली लघवी, दोन्ही मापाच्या भांड्याने मोजून. लघवी भसाभसा होऊ लागली, तहान भागेना, तर लगेच कळवायचं. उलट प्रकारही होतो, पाणी अंगात साठून सोडियम उतरतं: सातव्या दिवशी हे नुसते झोपून, मळमळ, बोलणं तुटक. थकवा समजून मी अर्धा दिवस घालवला. सोडियम १२४ निघालं, पुन्हा ॲडमिट. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत सोडियम केव्हा केव्हा तपासायचं ते डिस्चार्जच्या कागदावर लिहूनच घ्या.

नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं खारट टिपकलं तर सर्दी समजू नका, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची कमी भरून काढणारं औषध) दिलं तर मनाने बंद करू नका. तापात डोस किती वाढवायचा तेही विचारून ठेवा. यांच्या पाकिटात आधारकार्डामागे अजून त्या डोसची चिठ्ठी असते.

प्रोलॅक्टिनचा आकडा आला की कळवा, मी वाट बघते.