हेलिकॉप्टरचा रोटर म्हणजे मोठा पंखाच ना?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘हेलिकॉप्टरचा रोटर म्हणजे मोठा पंखाच ना? मग शंभर वर्षं त्यावर एवढं संशोधन कशाचं चाललंय? आणि ऑस्प्रेसारखी रोटर कलवणारी विमानं आल्यावर हेलिकॉप्टरं बंद पडतील का?’

मी जुहूला हेलिकॉप्टरच्या देखभालीत सव्वीस वर्षं काढली. पाती, हब (पाती जिथे जोडली जातात तो मधला भाग), गिअरबॉक्स हेच रोजचं काम. त्यामुळे तुमच्या पहिल्या वाक्यावरच थांबून सांगतो: पंखा आणि रोटर यांत दिसण्यापलीकडे फारसं साम्य नाही.

घरातल्या पंख्याची पाती स्क्रूने घट्ट आवळलेली असतात आणि ते चालतं, कारण पंखा जागचा हलत नाही. हेलिकॉप्टरला पुढे जायचं असतं. मी ज्या मशिनवर काम शिकलो ते चेतक घ्या. रोटरचा व्यास ११ मीटर, मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे. पात्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वासातशे किलोमीटरच्या घरात जातो. आता मशीन ताशी २०० ने पुढे निघालं, की पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला हवा ९२५ च्या वेगाने भेटते आणि मागे जाणाऱ्या पात्याला ५२५ ने. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एका बाजूला तिप्पट उचल आणि दुसऱ्या बाजूला एकपट. पाती घट्ट बसवलेली असतील तर मशीन कुशीवर पडणार.

नेमकं हेच स्पेनमध्ये हुआन दे ला सिएर्व्हा या संशोधकाच्या बाबतीत झालं. त्याची ऑटोजायरो यंत्रं उडायच्या आधीच कलंडत होती. गंमत म्हणजे त्याचं छोटं मॉडेल मात्र छान उडत होतं. फरक कुठे आहे ते शोधताना त्याच्या लक्षात आलं, की मॉडेलची पाती लवचीक आहेत आणि मोठ्या यंत्राची ताठ. मग त्याने प्रत्येक पात्याच्या मुळाशी आडवी बिजागरी बसवली. जास्त उचल मिळालेलं पातं वर जातं, वर जाताना त्याचा हवेशी होणारा कोन कमी होतो आणि उचल आपोआप घटते. मागे जाणारं पातं खाली येतं आणि त्याची उचल वाढते. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ हेताफेला त्याचं सी-४ उडालं. त्या ऑटोजायरोचा रोटर इंजिनावर फिरत नव्हता, तो वाऱ्याने फिरत होता. पण आज आकाशात दिसणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरच्या मुळाशी त्या बिजागरीमागची कल्पना आहे. रोटरचं पुढचं सगळं संशोधन मला एकाच हिशेबाचं वाटतं: पात्याला मोकळीक किती द्यायची आणि कशी द्यायची.

कारण एक मोकळीक दिली की दुसरी द्यावी लागते. पातं वर उचललं गेलं की त्याचं वजन आसाच्या जवळ येतं आणि गिरकी घेणाऱ्या माणसाने हात अंगाशी घ्यावेत तसं ते वेगाने पुढे सरकू बघतं. ती ओढाताण मुळाशी साचते. १९२७ मध्ये सिएर्व्हाच्या एका यंत्राचं पातं असंच मुळाशी तुटलं, तेव्हा दुसरी, उभी बिजागरी आली. पात्याला थोडं मागेपुढे होऊ देणारी. मग लक्षात आलं, की पाती अशी मागेपुढे झाली की सगळ्यांचा मिळून तोल एका बाजूला जातो आणि जमिनीवर उभं असलेलं मशीन चाकांवर डुलायला लागतं. ते डुलणं पात्यांना आणखी हलवतं, आणि काही सेकंदांत अख्खं मशीन स्वतःला मोडून टाकतं. याला ग्राउंड रेझोनन्स म्हणतात. एकदा ते सुरू झालं, की रोटरचे फेरे पुरेसे असले तर पायलटने लगेच जमीन सोडायची, हाच खरा उपाय. ते सुरूच होऊ नये म्हणून प्रत्येक पात्याला डॅम्पर, म्हणजे हालचाल शोषून घेणारा भाग, लावावा लागला. तिसरी हालचाल पिळाची, पात्याचा कोन बदलण्याची. तिच्यासाठी बेअरिंग, पिच लिंक (पात्याचा कोन बदलणारी छोटी दांडी) आणि खाली स्वॉशप्लेट (पायलटचा हुकूम फिरणाऱ्या पात्यांपर्यंत पोहोचवणारी कलती तबकडी). त्यातही, पातं ढकलल्याबरोबर वर जात नाही, जवळजवळ पाव फेरा उशिरा जातं, म्हणून पायलटने दांडी पुढे केली की स्वॉशप्लेट पात्याला तो हुकूम पाव फेरा आधीच देते.

जुन्या हबमध्ये हे सगळं लोखंडी बेअरिंगांवर चालायचं, आणि त्या बेअरिंगांवर सतत कित्येक टनांची ओढ. बेअरिंग गोल गोल फिरतही नाही, जागच्या जागी थोडं इकडे थोडं तिकडे, सेकंदाला पाच-सहा वेळा. वंगण टिकत नाही. आमचा निम्मा दिवस ग्रीसमध्ये जायचा.

पाती एका पातळीत फिरतात का, हे बघायची जुनी पद्धतही सांगतो, कारण मी ती हाताने केली आहे. तीन पात्यांच्या टोकांना तीन रंगांचा खडू लावायचा. रोटर चालू. एकाने लांब काठीला ताणून बांधलेलं जाड कापड उभं धरायचं आणि अगदी हळू, इंच इंच करत, फिरणाऱ्या टोकांकडे न्यायचं. टक् असा हलका आवाज आला की काठी मागे. कापडावर तीन रंगांचे ठिपके उमटलेले असायचे. तिन्ही एकावर एक आले तर ठीक. निळा वर राहिला असेल तर निळ्या पात्याची पिच लिंक किंचित फिरवायची, पुन्हा रोटर चालू, पुन्हा काठी. बोटभर फरक असला तरी सीटवर बसलेल्याला दर फेऱ्याला दणका जाणवतो. पहिल्यांदा काठी धरली तेव्हा माझ्या उस्तादांनी मागून माझे दोन्ही खांदे पकडून ठेवले होते. पुढे स्ट्रोब (लुकलुकणारे दिवे) आले, मग संगणक आले, पण रोटर किती बारीक मापाचं यंत्र आहे ते मला त्या कापडाने शिकवलं.

मग मी डॉफिनवर आलो. जुहूहून बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसं नेणारी ती हेलिकॉप्टरं. तिच्या हबला स्टारफ्लेक्स म्हणतात: फायबरग्लासची चार हातांची चांदणी. बिजागऱ्या नाहीतच. पातं वरखाली व्हायचं असेल तर चांदणीचा हात वाकतो. आणि मुळाशी बेअरिंगच्या जागी रबर आणि पातळ धातू यांचे आलटून पालटून चिकटवलेले वाटीसारखे थर. चिरोट्याचे पापुद्रे डोळ्यांपुढे आणा. वरून दाबलं तर धातूमुळे जराही दबत नाही, म्हणून टनांची ओढ सहज पेलतो. पण बाजूने पीळ दिला तर रबर सरकतं आणि पातं तिन्ही दिशांना हलतं. एकच तुकडा तीन बिजागऱ्यांचं काम करतो. तेल नाही, ग्रीस नाही. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो अचानक दगा देत नाही. म्हातारा झाला की कडेला रबराचा बारीक भुगा दिसू लागतो. बोट फिरवलं की हाताला लागतो. मग मापं घ्यायची, मर्यादेबाहेर गेला असेल तर बदलायचा.

पात्यांचंही तेच झालं. धातूच्या पात्याला भेग गेली की ती आतल्या आत वाढायची. म्हणून एमआय-१७ च्या पात्यांच्या पोकळ कण्यात दाबाखाली हवा भरलेली असते आणि मुळाशी एक दर्शक असतो. भेग गेली, हवा गळली की लाल रंग दिसतो. उत्तम युक्ती आहे. पण काच किंवा कार्बनच्या तंतूंच्या पात्यात हजारो धागे असतात, एक तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. मुख्य म्हणजे पातं कुठे वाकावं आणि कुठे ताठ राहावं हे बनवतानाच ठरवता येतं. त्याच जोरावर जर्मनीत बो-१०५ झालं. १९६७ मध्ये उडालेल्या या मशिनचा हब टायटॅनियमचा, अगदी ताठ, आणि वरखाली व्हायचं काम पात्याच्या स्वतःच्या वाकण्यावर सोडलेलं. त्याचा फायदा पायलटला लगेच कळतो. बिजागरीचा रोटर आधी कलतो आणि खालचं धड लोंबकळत मागून येतं. ताठ हबचा रोटर धडाला मुठीत धरून वळवतो. आपलं ध्रुव त्याच घराण्यातलं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) जर्मन कंपनी एमबीबीच्या सहकार्याने त्याची रचना केली, पहिलं उड्डाण १९९२ मध्ये. बंगळुरूच्या एरो इंडियात हवाई दलाच्या ‘सारंग’ पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं एकमेकांना ओलांडताना पाहिली असतील, तर तो चपळपणा मुख्यतः त्या हबचा आहे.

आता वेगाकडे. पुन्हा तोच हिशेब करा. ताशी ४०० ने जायचं म्हटलं तर पुढे येणाऱ्या टोकाला सव्वाअकराशे, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या अगदी जवळ, आणि मागे जाणाऱ्याला फक्त सव्वातीनशे. एक टोक धक्कालहरींत सापडतं, दुसरं कोन वाढवून वाढवून शेवटी उचलच सोडून देतं. ब्रिटनमध्ये वेस्टलँडच्या लिंक्सने ११ ऑगस्ट १९८६ रोजी ताशी ४००.८७ किलोमीटरचा विक्रम केला, तो वल्ह्यासारख्या रुंद, मागे झुकलेल्या टोकांच्या पात्यांमुळे. वेगात आवाजाच्या भिंतीला तोंड देणारा आणि मंद हवेत उचल धरून ठेवणारा असा दुहेरी आकार एकाच टोकात बसवला होता. पण ही वाट तिथेच संपते. याहून पुढे जायचं तर रोटरवरचं ओझं दुसऱ्या कशाने तरी उचलावं लागतं.

टिल्टरोटरचं, म्हणजे ऑस्प्रेसारख्या रोटर कलवणाऱ्या विमानाचं, उत्तर असं: उठताना रोटर वर, मग पुढे कलवायचे, उचल पंखाने घ्यायची. अमेरिकेत बेलच्या एक्सव्ही-३ ने १८ डिसेंबर १९५८ रोजी हवेत रोटर पूर्ण पुढे कलवून दाखवले. पण ऑस्प्रेला लष्करी सेवेत यायला २००७ उजाडलं. एवढा वेळ का लागला? कारण मोकळीक इथे उलटते. वेगात जाताना हबवर हलणारी पाती आणि पंखाच्या टोकाचा लवचीकपणा यांची गाठ पडली, की रोटरचा आस फेर धरून डोलू लागतो, डोलणं वाढत जातं आणि पंख मोडतो. प्रोपेलरच्या विमानांत याच प्रकाराने १९५९ आणि १९६० मध्ये लॉकहीडची दोन इलेक्ट्रा प्रवासी विमानं हवेत मोडली होती. टिल्टरोटरमध्ये धोका कितीतरी मोठा, कारण पंखाच्या टोकावरच गिअरबॉक्स आणि भलामोठा रोटर. म्हणून ऑस्प्रेचा पंख इतका जाड आणि ताठ आहे. जाडी रुंदीच्या जवळजवळ २३ टक्के. शिवाय पंखातून एक आडवा शाफ्ट जातो. एक इंजिन बंद पडलं तर दुसरं दोन्ही रोटर फिरवतं.

पात्याच्या आकारातही तडजोड. हेलिकॉप्टरला मोठा, कमी पीळ असलेला रोटर हवा. विमानाला लहान, खूप पीळ असलेला प्रोपेलर. ऑस्प्रेच्या पात्याला मुळापासून टोकापर्यंत सुमारे ४७ अंशांचा पीळ आहे. आणि आता एक आकडा बघा, जो मला स्वतःला फार बोलका वाटतो. ऑस्प्रेच्या एकेका रोटरचा व्यास ११.६ मीटर, म्हणजे आमच्या चेतकपेक्षा हातभरच जास्त. चेतकचा रोटर जास्तीत जास्त सव्वादोन टन उचलतो. ऑस्प्रे उभ्याने उठताना सुमारे २४ टनांपर्यंत जातं, म्हणजे रोटरमागे १२ टन. तेवढ्याच घेरातून पाचपट वजन. ती हवा खाली किती जोरात फेकली जात असेल!

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. इंजिन बंद पडलं तरी रोटरवर कमी ओझं असलेलं हेलिकॉप्टर खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरवत उतरतं. १९७२ मध्ये फ्रान्सच्या झाँ बुले यांनी लामा (आपल्या चीताचं मूळ रूप) १२,४४२ मीटरवर नेलं, तिथे इंजिन विझलं, आणि ते तेवढ्या उंचीवरून नुसत्या रोटरवर सुखरूप खाली आले. ऑस्प्रेच्या एवढं ओझं पेलणाऱ्या रोटरांकडून तशी अपेक्षा करता येत नाही. दुसरं, पुढे न जाता वेगाने खाली आलं तर रोटर स्वतःच फेकलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतो. हे कुठल्याही हेलिकॉप्टरचं होतं. पण शेजारी शेजारी दोन रोटर असले आणि एकच आधी सापडला, तर यंत्र उलटतं. एप्रिल २००० मध्ये ॲरिझोनातल्या मराना इथे असंच झालं आणि १९ मरीन सैनिक गेले. त्यानंतर कमी वेगात खाली येण्याची मर्यादा मिनिटाला ८०० फूट अशी ठरवली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानजवळ आठ जण गेले, तेव्हा गिअरबॉक्समधलं एक दातेरी चाक निकामी झालं होतं. दातेरी चाकं आणि बेअरिंगं यांत हयात गेलेल्या माणसाला अशी बातमी नुसती वाचून सोडून देता येत नाही.

तरीही काम थांबलेलं नाही, आणि थांबू नये. ऑस्प्रेत इंजिनासकट सगळं नॅसेल (इंजिनाचं कवच) कलतं, त्यामुळे उतरताना गरम धूर थेट जमिनीवर. २०१७ मध्ये उडालेल्या बेलच्या व्ही-२८० मध्ये इंजिन आडवंच राहतं, फक्त रोटर आणि पुढचा गिअरबॉक्स वळतो. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते. सिकॉर्स्की कंपनीने दुसरी वाट धरली: एकावर एक दोन ताठ रोटर उलट दिशांना, म्हणजे दोन्ही बाजूंना पुढे येणारं पातं असतंच, आणि शेपटीला, यंत्राला पुढे ढकलणारा प्रोपेलर. त्यांचं एक्स-२ २०१० मध्ये ताशी ४६० च्या पुढे गेलं.

मग हेलिकॉप्टरं बंद पडतील का? जुहूहून बॉम्बे हाय साधारण १६० किलोमीटर. हेलिकॉप्टरला पाऊण तासाच्या आत, ताशी ५०० ने जाणाऱ्या टिल्टरोटरला वीस-बावीस मिनिटं. वाचलेल्या त्या वीस मिनिटांसाठी समुद्रातल्या छोट्याशा डेकवर, कामगार उभे असताना, तो वारा उतरवायचा आणि इंजिन गेलं तर रोटरवर तरंगत येण्याची सोय सोडायची? मी ती सही करणार नाही. पण ५०० किलोमीटरवर जखमी माणूस पडलाय आणि जवळ धावपट्टी नाही, तिथे हेलिकॉप्टर पोहोचेपर्यंत दोन तास जातात. तिथे मला टिल्टरोटरच हवा.