सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर एसव्हीसीहोस्ट नावाच्या पन्नासेक प्रोसेस चालू दिसतात, व्हायरस आहे का?

बहुतेक नाही भाऊ, एसव्हीसीहोस्ट ही विंडोजचीच प्रोसेस आहे, मागं चालणारी विंडोजची कामं म्हणजे सर्व्हिस ती चालवते, फक्त ती कोणत्या फोल्डरमधून चालते ते पाहून घ्या. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन दाबा, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातलं सिस्टम ३२ किंवा सिसवॉव ६४ उघडलं त ठीक, टेम्प, डाउनलोड्स नाहीतर कोणाचा पेन ड्राइव्ह निघाला त गडबड आहे, आणि स्पेलिंगही (svchost.exe) नीट वाचा, एखादं अक्षर इकडचं तिकडं केलेलं असते. पन्नास काहून म्हणाल त मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ३.५ जीबीच्या वर रॅम असली की बहुतेक सर्व्हिस वेगवेगळ्या एसव्हीसीहोस्टमध्ये केल्या, आधी त्या एकाच काळीपिवळीत कोंबून बसवल्यासारख्या असायच्या. उगाच एंड टास्क मारत बसू नका, नेट नाहीतर आवाज बंद पडते.

दुसरं कोणतं अनोळखी नाव दिसलं त ती फाइल व्हायरसटोटल या वेबसाइटवर टाका, ७० च्या वर अँटीव्हायरस एकदम तपासतात (फक्त लोकांचे आधार-सातबारा तिथं चढवू नका बाप्पा, टाकलेली फाइल दुसऱ्यांच्या हातीही जाऊ शकते).

पण फोल्डर बरोबर आहे म्हणजे शंभर टक्के सुटलो असं नाही, खऱ्या एसव्हीसीहोस्टमधूनही वाईट डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामच्या आत चालणारी कोडची फाइल) चालवता येते, म्हणून शंका राहिलीच त डिफेंडरचा (विंडोजच्याच अँटीव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन १५ मिनिटं लागतात, तेव्हा लोडशेडिंगची वेळ पाहूनच लावा.