काकांचं जुनं वॉल्थर घ्यावं की नवीन अशनी?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यवतमाळ जिल्ह्यात तुमचं कृषी केंद्र आहे, हंगामात रात्री गल्ला घेऊन मोटरसायकलवर चौदा किलोमीटर गावी यावं लागतं आणि पॉइंट ३२चं, म्हणजे त्या मापाच्या नळीच्या हत्याराचं, लायसन्स मंजूर झालंय. मोठे काका थकले म्हणून त्यांचं जर्मन पिस्तूल वॉल्थर पीपी तुम्हाला देऊ म्हणतात, आणि डीलर म्हणतो जुन्याच्या नादी लागू नका, नवीन अशनी, म्हणजे आपल्या सरकारी कारखान्याचं पिस्तूल, घ्या. मी गार्ड्स रेजिमेंटचा निवृत्त माणूस, ट्रेनिंग कामठीला झालं. आता बुलढाणा जिल्ह्यात शेती करतो. नोकरीत ९ एमएम वापरलं. ते बोअर (नळीचं माप) साध्या लायसन्सवर मिळत नाही, म्हणून निवृत्तीनंतर मीही पॉइंट ३२वर आलो.

दोन्ही पिस्तुलांत काडतूस एकच, ७.६५ मिलिमीटरचं म्हणजेच पॉइंट ३२चं, त्यामुळे ताकदीत फरक शोधू नका. फरक पहिल्या गोळीत आहे.

वॉल्थर पीपी जर्मनीत १९२९ साली आलं. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) राऊंड, म्हणजे काडतूस, असताना सेफ्टीचा खटका खाली केला की घोडा (मागचा हातोडा, चाप नव्हे) आपोआप पडतो, पण गोळी सुटत नाही, कारण काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन अडवलेली असते. नंतर खटका वर करून नुसता चाप ओढला की घोडा उठून पडतो आणि गोळी सुटते. हा पहिला चाप लांब आणि जड लागतो, दुसऱ्या गोळीपासून हलका. सराव नसलेल्याची पहिली गोळी हमखास खाली जाते. अशनी सिंगल अॅक्शन आहे, म्हणजे चाप ओढण्याआधी घोडा चढलेला असावा लागतो. तिथे प्रत्येक चाप सारखाच, शिकायला सोपं. पण चेंबर भरून बाळगायचं तर घोडा चढलेला राहतो आणि सगळी भिस्त एका सेफ्टीवर. खड्ड्यांच्या रस्त्यावर, कमरेला, मी तसं कोणालाही बाळगू देणार नाही. चेंबर रिकामं ठेवलं तर वेळेवर स्लाईड (वरचा सरकता भाग) ओढून राऊंड भरायला दोन हात लागतात, आणि तुमचा एक हात हँडलवर असतो. खरं सांगायचं तर चालत्या गाडीवर दोन्हींचा उपयोग थोडाच. गल्ला रोज नेण्याऐवजी दुपारीच बँकेत भरता येतो का, ते आधी बघा.

वॉल्थरची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चेंबरमध्ये राऊंड असला की स्लाईडच्या मागे, घोड्याच्या वर, एक बारीक पिन बाहेर येते. अंधारात अंगठा फिरवला तरी कळतं. हे का सांगतो, तर माझ्या घरात घडलं म्हणून. पुतण्याच्या लग्नाहून रात्री दोनला आलो. पिस्तूल रिकामं करताना आधी स्लाईड ओढली, राऊंड बाहेर पडला, मग मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढलं. क्रम उलटा झाला होता. स्लाईड परत जाताना मॅगझिनमधला पुढचा राऊंड चेंबरमध्ये गेलेला होता. रिकामं समजून चाप ओढला. गोळी माजघरातल्या तुरीच्या पोत्यात शिरली. त्या पोत्यांवर नातू संध्याकाळी खेळत होता. इतकी वर्षं हत्यार हाताळलेला माणूस मी, आणि तरी हे झालं. माझ्या पिस्तुलाला तशी पिन नाही. आधी मॅगझिन, मग स्लाईड, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. हा क्रम घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही शिकवा.

म्हणून माझं मत वॉल्थरकडे झुकतं, पण एका अटीवर. जुन्या पीपीची सेफ्टी झिजलेली असू शकते. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मॅगझिन काढा, चेंबर तपासा. घोडा चढवा, नळी आभाळाकडे करा आणि रबराचा भाग खाली ठेवून एक पेन्सिल नळीत सोडा. आता सेफ्टी खाली करा. घोडा पडेल, पण पेन्सिल जागची हलता कामा नये. पाच-सहा वेळा करा. एकदा जरी उडाली तर ते पिस्तूल घेऊ नका, काका कितीही आग्रह करोत. बाहेरून आयात साध्या लायसन्सवाल्याला बंद आहे, त्यामुळे सुटे भाग मिळवणं अवघड. मग डोळे झाकून अशनी घ्या. नवीन माल, सरकारी कारखान्याचा, भाग मिळतात. फक्त डीलरकडे हातात घेऊन दोन-तीन नग पारखा, सगळे सारखे निघत नाहीत.

पीपी हातात धरूनही बघा. स्लाईड पंज्याच्या अगदी जवळून मागे येते. तुमच्यासारखा शेतकऱ्याचा जाड पंजा असेल तर अंगठ्याजवळची कातडी सोलते.

मॅगझिन दोन्हींचं जपून भरा. या काडतुसाच्या बुडाची कडा थोडी बाहेर असते. वरच्या राऊंडची कडा खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. मागे अडकली तर राऊंड पुढे सरकतच नाही, आणि ते नेमकं वेळेवर कळतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, जागलीला, म्हणजे रात्री शेत राखताना, रानडुकरांवर चालेल का. नाही. जखमी डुक्कर माणसावर येतं, आणि वन खात्याच्या परवानगीशिवाय डुकराला किंवा रोहीला (नीलगायीला) मारणं गुन्हा आहे. पीक राखायला भरमार (तोंडाकडून दारू भरायच्या) बंदुकीचं लायसन्स वेगळं असतं.

काकांकडून घ्यायचं ठरलं तर कागद आधी. त्यांनी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस गेल्यावरच हत्यार तुमच्या हाती द्यायचं. तोवर घरच्या घरीसुद्धा नेऊ-आणू नका. आणि तुमच्या लायसन्सवर पिस्तूल लिहिलंय की रिव्हॉल्वर, ते आजच काढून बघा. दोन्ही पॉइंट ३२च म्हणतात, पण काडतुसं वेगळी असतात.