मुदत ठेव मोडून संस्थेवर दावा ठोकू का?

प्रश्न: मी 63 वर्षांची, निवृत्त, ठाण्यात एकटी राहते. माझी बारा वर्षांची लॅब्रॅडोर गर्भाशयात पू झाल्यामुळे एका प्राणी-कल्याण संस्थेच्या दवाखान्यात दाखल होती. दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशनच्या रात्रीच ती गेली. मला कळवण्याआधी त्यांनी तिचं इतर प्राण्यांबरोबर दहन करून टाकलं, अस्थीसुद्धा मिळाल्या नाहीत. उपचाराचे 18,400 रुपये मी भरले होते. याच संस्थेला गेल्या वर्षी आईच्या नावाने 2 लाख देणगी दिली, दरमहा 2,000 खात्यातून जातात आणि मृत्युपत्रात 5 लाख लिहून ठेवलेत. वकील 75,000 सांगतात. 3 लाखांची ठेव मोडून खटला लढू का? देणगी परत मिळेल का?

उत्तर: ठेव मोडू नका. तक्रार मात्र जरूर करा, आणि ती 18,400 रुपयांवर करा, 2 लाखांवर नाही.

ग्राहक कायद्यात फुकट दिलेली सेवा बसत नाही. पण जो दवाखाना काहींना मोफत आणि काहींकडून पैसे घेऊन सेवा देतो, तो कायद्याच्या कक्षेत येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये माणसांच्या दवाखान्यांबाबत सांगितलं आहे. तोच मुद्दा तुम्हाला इथे मांडता येईल. म्हणून आधी पावती काढून बघा. तिच्यावर 'उपचार शुल्क' लिहिलंय की 'देणगी'? बऱ्याच संस्था बिलाच्या रकमेलाही देणगीची पावती फाडतात. तशी असेल तर यंदाच्या विवरणपत्रात त्या रकमेवर करसवलत मागू नका. आयकर खात्याला देणगी सांगायची आणि ग्राहक आयोगापुढे शुल्क म्हणायचं, हे समोरचा वकील पहिल्याच तारखेला दाखवून देईल. पैसे भरल्याचा मेसेज, दाखल करतानाचा कागद, खर्चाचा अंदाज सांगणारं व्हॉट्सअॅप, सगळं जपून ठेवा.

तुमच्या तक्रारी दोन आहेत, आणि दोन्हींचं वजन सारखं नाही. उपचारात हलगर्जी झाली हे सिद्ध करायला दुसऱ्या पशुवैद्याचं लेखी मत लागेल. शवविच्छेदन झालेलं नाही, आता होणारही नाही. शिवाय या वयात हे ऑपरेशन नीट होऊनही कुत्री दगावू शकते. विष रक्तात भिनलेलं असतं, मूत्रपिंडं थकलेली असतात. न विचारता केलेल्या दहनाला मात्र तज्ज्ञाची गरज नाही. तुम्ही सही केलेलं संमतिपत्र वाचा. मृत्यूनंतर विल्हेवाटीचा अधिकार त्यात संस्थेला दिलेला नसेल, तर तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

आधी पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र पाठवून केसपेपरची प्रत मागा: औषधं, मात्रा, वेळा, रात्री कोण हजर होतं, मृत्यूची नोंद, दहनाची नोंद. पंधरा दिवस द्या. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. फीसाठी मोजली जाते ती सेवेसाठी भरलेली रक्कम, मागितलेली भरपाई नव्हे, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. पशुवैद्याच्या वर्तनाबद्दल राज्य पशुवैद्यक परिषदेकडेही तक्रार करता येते, पण तिथून भरपाई मिळत नाही.

या सगळ्यावर 20,000 ची मर्यादा घाला: एका पशुवैद्याचं मत, मसुदा तपासायला वकिलाची एक बैठक, टपाल, झेरॉक्स. बचत खात्यातून. ठेव मोडली तर बँक ठेव राहिली तेवढ्याच काळाचा दर धरते, वर बहुधा अर्धा ते एक टक्का दंड लावते. समजा 7.25 ऐवजी 6 टक्क्यांनी हिशेब झाला, तर 3 लाखांवर दोन वर्षांत साडेसात हजार नुसतेच गेले. 18,400 साठी 75,000 घालवणं हा हिशेब दुःखात सुचतो. वकिलाने तरी तो आधी मांडायला हवा होता.

देणगीचं म्हणाल तर ती दिली तेव्हाच संपली. विश्वस्तांना ती मनात आलं म्हणून परत करता येत नाही. तुम्ही पत्रात विशिष्ट अट घातली असेल आणि ती मोडली असेल, तरच विषय निघतो. अट पाळली का, हे लेखी विचारा. एक सांगतो, आता कदाचित टोचेल: देणगीवरच्या करसवलतीच्या 80जी कलमाखाली 2 लाखांच्या निम्मे करपात्र उत्पन्नातून वजा होतात असं गृहीत धरलं असेल तर तपासा. बहुतेक संस्थांना एकूण समायोजित उत्पन्नाच्या (ढोबळमानाने, इतर वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाच्या) 10 टक्क्यांची मर्यादा आहे. 9 लाख उत्पन्नावर 90,000 धरले जातात, वजावट 45,000, म्हणजे 20 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह वाचले साधारण 9,360. तीही जुन्या करप्रणालीतच.

दरमहाचे 2,000 आज थांबवा. बँकेच्या किंवा यूपीआयच्या अॅपमध्ये 'मँडेट' किंवा 'ऑटोपे'त जाऊन रद्द करा. फक्त संस्थेला फोन करून थांबू नका. पुढचा हप्ता कापला जातो आणि नवा वाद उभा राहतो.

मृत्युपत्राला सहा महिने हात लावू नका. नंतरही 5 लाख काढायचेच ठरलं, तर ती ओळ पेनाने खोडू नका. साक्षीदारांच्या सह्यांशिवाय केलेली खाडाखोड कायद्याने धरली जात नाही. नवं मृत्युपत्र किंवा पुरवणी करा, दोन साक्षीदारांसमोर, आणि त्या दोघांपैकी कुणाला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही हे बघा.