सहाव्या महिन्यात एक मजला चढलं तरी दम लागतो, बोलतानाही श्वास पुरत नाही. हे नॉर्मल आहे की डॉक्टरांना दाखवायला हवं?

आधी थेट उत्तर देते. तुम्ही लिहिलंय की २४वा आठवडा चालू आहे, एक मजला चढलं की दम लागतो, फोनवर बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो आणि घरातले सगळे म्हणतात "या दिवसांत असं होतंच, कशाला एवढं मनावर घेतेस". घरचे म्हणतात ते बऱ्याच अंशी खरंय, पण तेवढ्यावर सोडून देऊ नका. पुढची तपासणी लांब असेल तर आज-उद्या डॉक्टरांना फोन करून सांगा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि जर बसल्या जागी धाप लागत असेल, आडवं झाल्यावर गुदमरल्यासारखं होत असेल, छातीत दुखत असेल किंवा हे सगळं अचानक सुरू झालं असेल, तर माझं उत्तर पुढे वाचत बसू नका, कोणाला तरी सोबत घ्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

आता जरा सविस्तर, कारण मला दोन मुलं आहेत, दोन्ही वेळा दम लागला आणि दोन्ही वेळा कारण वेगळं निघालं.

पहिल्या वेळी मला तिसऱ्या महिन्यातच जाणवायला लागलं होतं. पोट दिसतही नव्हतं, त्यामुळे "बाळ वर दाबतंय" हे कारण काही पटेना. डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन खूप वाढतं आणि ते मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या भागाला सारखं सांगत राहतं की अजून घे, अजून खोल घे. श्वासांची संख्या फारशी वाढत नाही पण प्रत्येक श्वास मोठा होतो, इतका की एका मिनिटात आत-बाहेर होणारी हवा ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो (त्याचा दाब एरवी ४० मिमी पारा या मापाच्या आसपास असतो तो ३० च्या आसपास येतो) आणि बाळाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड आईकडे यायला सोपं जातं. म्हणजे गंमत बघा, आपल्याला वाटतं हवा कमी पडतेय पण प्रत्यक्षात आपण नेहमीपेक्षा जास्त हवा घेत असतो, ती वाढीव मेहनतच आपल्याला दम लागल्यासारखी जाणवते. तब्येत ठणठणीत असलेल्या बायकांमध्येसुद्धा १०० पैकी ६०-७० जणींना हे होतं. मला हे कळल्यावर निम्मी भीती गेली, कारण माझ्या डोक्यात सारखं एकच, बाळाला ऑक्सिजन मिळतोय ना.

पुढे पोट वाढतं तशी बाकीची कारणंही येऊन मिळतात. गर्भाशय वर सरकतं तसा छाती आणि पोटामधला पडदा साधारण ४ सेंटीमीटरपर्यंत वर ढकलला जातो, बरगड्या बाजूला फाकतात म्हणून फुप्फुसाला जागा बऱ्यापैकी राहते पण श्वास सोडल्यावर आत जी हवा शिल्लक असते ती कमी होते, मग थोडं वाकलं, चपलेचा पट्टा लावला की लगेच जाणवतं. शिवाय अंगातलं रक्त ४०-५० टक्के वाढलेलं असतं, हृदयाचे ठोके मिनिटाला १०-२० ने जास्त पडतात. शेवटच्या काही आठवड्यांत बाळाचं डोकं खाली सरकलं की अनेकींना एकदम मोकळं वाटतं, पहिल्या बाळंतपणात हे बहुतेक वेळा प्रसूतीच्या थोडं आधीच होतं.

या साध्या दमाची ओळख अशी की तो हळूहळू येतो, चढण चढली किंवा घाई केली की वाढतो, बसलं की दोन-चार मिनिटांत उतरतो आणि रात्री झोपेतून उठवत नाही. आठवड्याआठवड्याला तो झपाट्याने वाढत जात नाही.

दुसऱ्या वेळी मात्र तो वाढत गेला. सातव्या महिन्यात जिन्याच्या मधल्या टप्प्यावर कठडा धरून उभं राहावं लागायचं, वर पोचल्यावरही बराच वेळ छातीतली धडधड थांबत नसे आणि संध्याकाळपर्यंत पायात त्राण उरत नसे. माझ्या बहिणीने ते बघितलं आणि म्हणाली, "ताई, आधीच्या वेळी तू असं थांबत नव्हतीस." तिच्या त्या वाक्यावरून आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आधी पापणी खाली ओढून बघितली, मग मनगट धरून घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि मनगट तसंच धरून ठेवून मला न सांगता श्वास मोजले (सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो). मग बोटाला ऑक्सिमीटर, बीपी, पाठीवर स्टेथोस्कोप, आणि पायाच्या नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का ते पाहिलं. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास निघालं. गरोदरपणात ११ ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. रक्त वाढतं खरं पण त्यात पाणी जास्त वाढतं, लाल पेशी त्या मानाने कमी, म्हणून थोडं खाली येणं अपेक्षितच असतं, ८ मात्र अपेक्षित नाही. दिवस पुढे गेलेले असल्यामुळे मला आयर्न सलाईनमधून दिलं, आणि खात्रीसाठी ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी म्हणजे एको पण केला, तो नॉर्मल आला. काही आठवड्यांत तोच जिना बराच सोपा झाला.

म्हणून माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं हे, की डॉक्टरांसमोर नुसतं "दम लागतो" एवढंच सांगू नका. दिवसभरात त्यांच्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक बाई तेच सांगते आणि त्यातून तुमचा दम कुठल्या प्रकारचा हे त्यांना कसं कळणार. काय करता येत होतं आणि आता काय येत नाही ते सांगा. मागच्या महिन्यात न थांबता दोन मजले चढत होते, आता एकातच थांबावं लागतं. आंघोळ करतानाही धाप लागते. एक पूर्ण वाक्य एका श्वासात बोलता येत नाही. रात्री एका उशीवर झोपत होते, आता तीन लागतात. कधीपासून, हळूहळू की अचानक, सोबत खोकला आहे का, धडधड आहे का, पायावर सूज आहे का, असली तर दोन्ही पायांवर की एकाच. हे फोनवर लिहून ठेवा आणि तपासणीला गेल्यावर वाचून दाखवा, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, घाईत निम्मं विसरायला होतं. तुम्ही लिहिलंय की बोलतानाही थांबावं लागतं, ते चालता चालता होतं की शांत बसून बोलतानाही, एवढं आज नीट बघा. शांत बसून होत असेल तर आजच दाखवा.

आता घाबरवायचं नाहीये पण माहीत असायला हवं अशा गोष्टी. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, त्यामुळे पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पट असतो. एकूण बायकांमध्ये हे क्वचित होतं, पण झालं तर वेळ फार थोडा असतो. अचानक दम, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर, किंवा एकच पाय (बऱ्याचदा डावा) सुजून पोटरी दुखणं, यातलं काहीही झालं तर लगेच हॉस्पिटल. दुसरं म्हणजे हृदय. लहानपणी सांधे सुजून ताप येण्याचा आजार झालेला असेल तर हृदयाची झडप आकसलेली असू शकते आणि ते आयुष्यात पहिल्यांदा गरोदरपणातच कळतं, कारण तेव्हाच हृदयावर एवढा भार येतो. असा काही इतिहास असेल किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयाचा आजार झाला असेल तर विचारायची वाट न बघता सांगून टाका. शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतर हृदयाचा स्नायूच कमजोर पडतो असाही एक आजार आहे, त्यात सपाट झोपता येत नाही, रात्री धाप लागून उठून बसावं लागतं, पाय सुजतात, वजन भराभर वाढतं. आणि २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं आणि सोबत दम असेल तर फुप्फुसात पाणी होत असू शकतं, तेही थांबण्याचं काम नाही. ताप आणि खोकल्यासोबत दम असेल तर न्यूमोनिया बघावा लागतो. ओठ किंवा नखं निळसर दिसली, शांत बसूनही नाडी १२० च्या पुढे किंवा श्वास मिनिटाला ३० च्या आसपास गेले तर ॲम्ब्युलन्सच बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

घरी ऑक्सिमीटर असेल तर वापरा, पण नेलपॉलिश काढून, बोट गरम करून आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. ९५ किंवा वर ठीक, त्याखाली येत राहिला तर लगेच संपर्क करा. फक्त एक लक्षात ठेवा, आकडा ९८ आला म्हणून सगळं आलबेल असं नसतं. ॲनिमियात ऑक्सिमीटर छान आकडा दाखवतो, कारण जेवढं हिमोग्लोबिन आहे ते भरलेलंच असतं, मुळात आहेच कमी हे त्याला कळत नाही. तुम्हाला त्रास होतोय ही गोष्ट आकड्यापेक्षा मोठी.

दमा असलेल्यांसाठी वेगळं सांगते कारण इथे बरेच जण चुकीचा सल्ला देतात. गरोदर आहे म्हणून पंप मनाने बंद करू नका. आटोक्यात नसलेला दमा बाळाला पंपातल्या औषधापेक्षा जास्त त्रासदायक असतो. गरोदरपणात काहींचा दमा सुधारतो, काहींचा तसाच राहतो, काहींचा वाढतो, म्हणून डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या. तसंच छातीचा एक्स-रे सांगितला तर घाबरून नाही म्हणू नका, त्यातून बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन अगदी नगण्य असतं. गरोदर आहात हे मात्र तिथे सांगायचंच.

तपासण्या नॉर्मल आल्या तर मग रोजच्या जगण्यात थोडे बदल करायचे. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वेग कमी करण्याचा, म्हणजे दम लागल्यावर थांबण्यापेक्षा लागायच्या आधीच जिन्याच्या टप्प्यावर क्षणभर उभं राहायचं. दम लागलाच तर खुर्चीवर सरळ बसा, थोडं पुढे झुकून दोन्ही हात टेबलावर किंवा मांडीवर टेकवा, खांदे सैल सोडा, नाकाने श्वास घ्या आणि ओठ शीळ घालतो तसे करून हळूच सोडा, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. घाबरून भराभर श्वास घेतले की हातापायांना मुंग्या येतात आणि भीती अजून वाढते, तेव्हा शेजारी कोणी असेल तर त्यांना हळू आवाजात आकडे मोजायला सांगा. पोक काढून बसू नका. झोपताना पाठीवर झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि कसंतरी होतं, कुशीवर झोपा, डावी असेल तर उत्तम, २८ आठवड्यांनंतर तर कुशीवरच, पाठीमागे एक उशी आणि डोक्याखाली जरा उंची. नाक चोंदतंय का तेही बघा, गरोदरपणात नाकाची आतली त्वचा सुजते आणि बऱ्याच जणींचा रात्रीचा दम हा खरं तर बंद नाकाचा असतो, साध्या मिठाच्या पाण्याच्या स्प्रेने फरक पडतो. चालणं पूर्ण बंद करू नका, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने रोज चाला, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती बाहेर, याला तडजोड नाही.

आयर्नची गोळी चालू असेल तर ती चहा-कॉफी आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास तरी लांब ठेवा, नाहीतर अंगी लागत नाही. शौचाला काळी होते ते गोळीमुळे, त्याने घाबरू नका. मळमळतं म्हणून परस्पर बंद करू नका, डॉक्टर दुसरी गोळी किंवा एक दिवसाआड घ्यायला सांगू शकतात. नीट घेतली तर दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढायला हवं, नाही वाढलं तर कारण शोधावं लागतं, थायरॉइड वगैरेही बघतात.

फोन केला आणि कोणी "होतं असं" म्हणून ठेवून दिला तर पुन्हा करा, आणि म्हणा की मला तपासून सांगा. त्रास अंगावर काढण्यात काही मोठेपणा नाही. आणि बाळंतपण झालं की हे लक्ष सोडू नका. गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत जास्त असतो आणि हृदयाच्या स्नायूचा जो आजार वर सांगितला तो बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत डोकं वर काढू शकतो. तेव्हा सगळे बाळाकडे बघत असतात, आईची धाप "जागरणामुळे" म्हणून विसरली जाते. त्या काळात कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिल्या वाक्यातच सांगा की अलीकडेच बाळंतपण झालंय.